पुराची रेघ पुसू नका: बडोद्याच्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
विश्वामित्री नदीच्या आणि कांसांच्या (पावसाळी नाल्यांच्या) काठच्या सर्व हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी आणि सभासद,
बडोदा

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की प्रत्येक सोसायटीत एक मीटिंग होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाकी साफ करणं, गटारांची झाकणं, मेंटेनन्सची थकबाकी. या वेळी त्या यादीत आणखी एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या आवारात पाणी जिथवर चढलं, तिथे भिंतीवर ऑइलपेंटची ठळक रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि ती रेघ पुढच्या कुठल्याही रंगकामात पुसायची नाही असा ठराव करा.

मागणी छोटी आहे, तरी विरोध होणार हे मला माहीत आहे. कारण रेघ आपोआप उमटलीच होती आणि आपण ती ठरवून घालवली.

पाणी ओसरल्यावर आमच्या जिन्याच्या भिंतीवर ती मातकट रेघ मीटरपेटीच्या वर चार बोटं होती. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यात थर्माकोलचे कण, कडुलिंबाची पानं आणि कुणाच्या तरी देवघरातली एक फुलवात चिकटून वाळली होती. तिच्याखाली गाळाचा थर, वर कोरा पांढरा रंग. आठवडाभर येणारे-जाणारे तिथे थांबून हाताने उंची मोजायचे. मग गणपती आले, नवरात्र आलं, आणि दिवाळीच्या आत पुट्टी भरून रंगाचे दोन हात मारून झाले. आसपासच्या बहुतेक सोसायट्यांत हेच झालं. आता त्या जिन्यात उभं राहिलं तर खालच्या भागात लोणा लागून फुगलेले पापुद्रे तेवढे दिसतात. नव्या माणसाला तो गळक्या पाइपाचा ओलावा वाटतो.

मी एका वकिलांच्या ऑफिसात दस्तावेज तयार करण्याचं काम करते. फ्लॅटचा व्यवहार ठरला की कागद आमच्या टेबलावर येतात. त्यात काय काय लिहिलं जातं ते मला पाठ आहे: चतुःसीमा, कार्पेट एरिया, जमिनीतला अविभाज्य हिस्सा, पार्किंगचा हक्क, वीजबिल, वेरा (घरपट्टी) भरल्याची पावती, सोसायटीचा ना हरकत दाखला, बँकेचा बोजा असेल तर तो. पूर्वेला कोणाचं घर आणि पश्चिमेला कोणता रस्ता हेही लिहितो. पण पश्चिमेकडची ती कांस पाच वर्षांत दोनदा या फ्लॅटच्या खिडकीतून आत आली, हे एकाही दस्तावेजात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. घेणारा विचारत नाही, देणारा सांगत नाही, आणि सोसायटीच्या ना हरकत दाखल्यात त्यासाठी रकानाच नसतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पूर हा त्या अर्थाने दोष ठरतो का, यावर वकील वाद घालू शकतील. मला विचाराल तर भिंत रंगवून झाकलेली रेघ यापेक्षा नेमकं उदाहरण त्या कलमाला मिळणार नाही.

आता भावाचं बोलते, कारण खरा अडसर तोच आहे. रेघ राहिली तर फ्लॅटचा भाव पडेल, असं सगळ्यांनाच वाटतं. हे वाटणं मी हलकं मानत नाही. एका घरात माणसाची सगळी कमाई अडकलेली असते, मुलीचं लग्न किंवा मुलाचं शिक्षण त्याच्यावर उभं असतं. पण तळमजल्याचे फ्लॅट कोण घेतं ते आठवून पाहा. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी निवृत्त जोडपी घेतात. भाड्याने घेतात ती युनिव्हर्सिटीत शिकायला बाहेरगावाहून आलेली मुलं, हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या नर्स, जामनगर किंवा जळगावहून बदली होऊन आलेली कुटुंबं. बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला समा, हरणी, अकोटा, मुजमहुडा, वडसर ही नावं ऐकली की पाणी आठवतं. त्याला रेघेची गरज नाही. झाकपाक होते ती फक्त परक्या माणसापासून, आणि पाणी आलं की सगळ्यात आधी तोच सापडतो. ऐंशीच्या आजी पलंगावर, गाडी तळघरात, फ्रीज जमिनीवर, आणि पाणी कुठवर येऊ शकतं याची त्या घरात कोणालाच कल्पना नाही. त्या घराशी सोसायटी म्हणून आपलं काही नातं आहे की नाही?

रेघेचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे.

पूर यायला लागला की आपल्याला आकडे ऐकवले जातात ते विश्वामित्रीवरच्या काळाघोडा पुलाजवळच्या पातळीचे. २६ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली. मोबाइलवर दर तासाला आकडा येत होता: ३१, ३२, ३३. सोबत आजवा सरोवराची पातळी. आकडे खरे होते, वेळेवर होते. पण काळाघोड्याला ३३ म्हणजे माझ्या ओट्याला किती? हे त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला सांगता येत नव्हतं. शहरात पाऊस थांबला होता, त्यामुळे बरेच जण आता उतरेल असं धरून चालले. इथेच घात झाला. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. वरच्या भागात पडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो. खाली ती ढाढर नदीला मिळते, आणि ढाढर फुगलेली असली की विश्वामित्रीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. आभाळ उघडल्यावरही पाणी चढतच राहिलं ते त्यामुळे. मग नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या. वनखात्याने दोन-तीन दिवसांत दोन डझनांच्या आसपास मगरी वस्तीतून उचलून नेल्या. लष्कर आलं, एनडीआरएफ आलं. देशभर फोटो गेले ते मगरींचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाण्यात उभं राहून माळ्यावर चढवलेले तांदळाचे डबे कोणाच्या फोटोत आले नाहीत.

पुलावरचा आकडा हा इशाऱ्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा आपल्याकडे आहे, आपल्या भिंतीवर. पुलाजवळ अमुक फूट असताना आपल्या फाटकाशी किती होतं, जिन्याच्या कितव्या पायरीवर होतं, मीटरपेटीला कधी टेकलं, हे प्रत्येक सोसायटीने लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी ३० फुटांचा मेसेज आल्याबरोबर सेक्रेटरी सांगू शकेल की गाड्या आता हलवा, ३२ ला मेन स्विच बंद करायचा आहे, तळमजल्याची माणसं वर न्या. हे कुठलाही कॉम्प्युटर आपल्या गल्लीपुरतं इतकं नेमकं सांगणार नाही, कारण त्याला आपल्या गल्लीचा उतार, आपली कंपाउंड वॉल, कोपऱ्यावरची बुजलेली मोरी माहीत नाही.

सांगलीकरांना हे पटवून द्यावं लागत नाही. माझे नातेवाईक तिथे आहेत. आयर्विन पुलावर ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं. कितव्या फुटाला कोणत्या भागात पाणी शिरतं यावर पावसाळाभर घराघरांत बोललं जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा हे ज्ञानही अपुरं पडलं, आधीच्या सगळ्या खुणा बुडाल्या. तरी त्यानंतर त्यांच्याकडे नवी खूण तयार झाली, आणि २०२१ ला पाणी पुन्हा ५० च्या पुढे चढायला लागल्यावर अनेकांनी त्या खुणेच्या भरवशावर घरं वेळेत रिकामी केली. आपल्याकडचा २०१९ चा पूरही त्याच पंधरवड्यातला. ३१ जुलैला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, म्हणजे बडोद्याच्या वर्षभराच्या सरासरी पावसाचा जवळपास निम्मा. त्या पुराच्या खुणा आपल्यापैकी किती सोसायट्यांकडे आहेत? असत्या तर २०२४ ला निदान तळघरातल्या गाड्या वाचल्या असत्या.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पूर बडोद्याला नवा नाही. १९२७ चा पूर त्यांच्या आई-वडिलांनी पाहिलेला, २००५ चा त्यांनी स्वतः. बरोबर आहे. पण त्यावरून 'आता पंधरा-वीस वर्षं काळजी नाही' असा जो निष्कर्ष निघतो तो धोक्याचा आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये पाचच वर्षांचं अंतर होतं. हवा एका अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्राचं साधं गणित आहे. अरबी समुद्र तापतो आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे येणारं बरंचसं बाष्प तिथूनच येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात गुजरातही येतो. एकूण पाऊस फार वाढला असं नाही. तो थोड्या दिवसांत, थोड्या तासांत पडायला लागला. २०२४ चंच घ्या. ज्या कमी दाबाच्या पट्ट्याने आपल्याला बुडवलं तो गुजरातच्या जमिनीवरून जाताना विरायला हवा होता. तो कच्छ ओलांडून समुद्रावर गेला आणि ३० ऑगस्टला त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होण्याची ती १९७६ नंतरची पहिलीच वेळ होती.

म्हणून आजी-आजोबांच्या आठवणी आता पुरेशा नाहीत. त्या जपायच्या, पण नवं पाणी नव्याने मोजायचं.

दुसरा आक्षेपही ऐकला आहे: २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल केली, रुंद केली, गाळ काढला, मग आता रेघ कशाला? नदीचं काम झालं याचा मला आनंद आहे. ते किती उपयोगी पडलं हे तपासायचं असेल तर रेघेशिवाय कशाने तपासणार? पुढे कधी काळाघोड्याला पाणी पुन्हा ३० वर गेलं आणि आपल्या फाटकाशी मागच्यापेक्षा फूटभर कमी राहिलं, तर काम फळलं म्हणता येईल. तितकंच राहिलं किंवा वाढलं, तर तेही हातात खूण घेऊन म्हणता येईल. कोणत्याही सभेत, अर्जात, न्यायालयात 'आमच्याकडे खूप पाणी होतं' याला किंमत नसते. तारखेसकट खूण आणि मिनिटबुकातली नोंद याला असते. रोज कागद हाताळणारी बाई म्हणून हे सांगते आहे.

इथे एक कडू गोष्टही बोलायला हवी. विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना जी कोतरं (घळी) होती, ती नदीची पोटं होती. पूर आला की पाणी आधी तिथे पसरायचं. त्यातली कित्येक आज भरून सपाट झाली आहेत, आणि भरली गेली ती मुख्यतः बांधकामाच्या मलब्याने. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ मध्ये विश्वामित्रीबद्दल आदेश देताना नदीसोबत तिच्या पूरमैदानांचं आणि कोतरांचंही रक्षण करायला सांगितलं. तो आदेश सरकारी खात्यांसाठी आहे. पण मलबा खात्यांच्या घरून येत नाही. तो आपल्या बाथरूमच्या टाइल्स बदलताना निघतो, रिडेव्हलपमेंटला दिलेल्या जुन्या बिल्डिंगमधून निघतो. ट्रॅक्टरवाल्याला पैसे देताना तो कुठे टाकणार हे आपण विचारत नाही. या वर्षीपासून विचारा. रिनोव्हेशनची परवानगी देताना सोसायटीने मलबा कुठे गेला याची पावती मागावी. कोतरात गेलेला प्रत्येक ट्रॅक्टर आपल्याच रेघेची उंची वाढवतो.

नुकसान उघड मान्य केलं तर गावाचं नाव जातं, या भीतीला उत्तर म्हणून अहमदाबादकडे पाहा. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे जे मृत्यू झाले, ते संशोधकांनी आधीच्या वर्षांशी ताडून मोजले. नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. आकडा झाकला असता तर विषय संपला असता. त्या शहराने तो समोर ठेवला, आणि २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. पारा किती चढला की कोणता इशारा द्यायचा, तेव्हा दवाखान्यांनी काय करायचं, मजुरांना दुपारी केव्हा थांबवायचं, हे सगळं आधी ठरवून ठेवलं. नंतर इतर शहरांनी तोच नमुना उचलला. अहमदाबादच्या घरांचे भाव त्याने पडले नाहीत.

आणि आपण तर सयाजीरावांच्या गावची माणसं. महाराजांनी आजव्याचं सरोवर बांधलं ते पुढच्या पिढ्यांची तहान हिशेबात धरून, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही शहर त्यातलं पाणी पितं. मराठी मंडळं दर वर्षी त्यांची जयंती साजरी करतात. ज्या राज्यकर्त्याने पाणी मोजूनमापून साठवलं, त्याच्या गावात पाण्याची खूण पुसली जाते, हे मला सहन होत नाही.

करायचं ते फार खर्चाचं नाही. रेघ तीन ठिकाणी हवी: फाटकाच्या खांबावर, जिन्यात, आणि पार्किंगमध्ये. मूळ खूण रंगाखाली गेली असेल तर २०२४ चे मोबाइलमधले फोटो काढा. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचा आरसा, दाराची कडी, खिडकीची जाळी यांवरून उंची बोटभर फरकाने काढता येते. खालच्या मजल्यावरच्या कामवाल्या बाई, वॉचमन, इस्त्रीवाले यांना विचारा, त्यांना अचूक आठवतं. एकदा रेघ ठरली की बाकीची कामं आपोआप सुचतात. मीटरपेट्या तिच्या वर न्यायच्या. जनरेटर आणि पंपाचं पॅनेल वर न्यायचं. पूर चढायला लागला की लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून बंद करायची. अंडरग्राउंड टाकीत गटाराचं पाणी शिरल्यावर ती उपसून क्लोरीन टाकेपर्यंत नळ उघडायचा नाही. सोसायटीच्या विम्यात पुराचं कलम आहे का ते आजच पाहा. घर बुडाल्यावर ते वाचून उपयोग नाही. आणि ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरची एक खोली आधीच ठरवून ठेवा, त्या घरच्या माणसाला विचारून.

भाडेकरूंना मीटिंगला बोलवा. त्यांना मत नसतं म्हणून बोलवत नाहीत, पण तळमजल्यावर झोपतात तेच.

ठरावाचा मसुदा मी खाली देते. गुजरातीत करून मिनिटबुकात घ्यावा, शब्द आपल्या सोयीने बदलावेत.

"असे ठरले की, ऑगस्ट २०२४ च्या पुराची कमाल पातळी सोसायटीच्या फाटकावर, जिन्यात व पार्किंगमध्ये पक्क्या रंगाने दर्शवावी व तिच्याखाली तारीख आणि त्या वेळची काळाघोडा पुलाजवळची पातळी लिहावी. यापुढे येणाऱ्या प्रत्येक पुराची नोंद अशाच रीतीने करावी. रंगकामाच्या ठेक्यात ही खूण कायम ठेवण्याची अट घालावी. फ्लॅट विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकास ना हरकत दाखल्यासोबत या पातळीची लेखी माहिती द्यावी व त्याची सही घ्यावी. खुणेखालील मीटरपेट्या व पंपाची उपकरणे पावसाळ्यापूर्वी वर हलवावीत आणि त्याचा खर्च सर्व मजल्यांच्या सभासदांनी समान सोसावा."

कळावे,

आपली,
विश्वामित्रीकाठच्या एका सोसायटीची सभासद,
बडोदा